बाईंना दिसत नव्हतं

२ फेब्रुवारी, सोमवार

तो आज परत आला. समोरच्या कडुनिंबाखाली रिक्षा लावली, फाटकाच्या कडीला पिशवी अडकवली, घराकडं बघत थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मी खिडकीचा पडदा बोटभर सरकवून सगळं बघत होते. पिशवीत पेरू निघाले. माझ्या अक्काला रिक्षाखाली घातलं आणि वर पेरू! म्हातारी विरघळावी, जबाब सैल करावा, दुसरं काय असणार. पेरू गल्लीतल्या गाईला घातले.

नाव अंबादास. हवालदार सांगत होते, पूर्व भागातला, आधी यंत्रमागावर होता, कारखाना बसला तशी रिक्षा धरली. आणि म्हणे अक्काचा विद्यार्थी. सोयीचा विद्यार्थी! जिनं सगळी हयात मनपाच्या शाळेत पहिली-दुसरीची पोरं वाचती करण्यात घालवली, तिचा विद्यार्थी या गावात कोण नाही? उद्या पाकीटमार पण सांगेल.

संध्याकाळी हिरेमठ सर आले. अक्काच्या हाताखाली मास्तर म्हणून लागले, पुढं तिथंच हेडमास्तर झाले. रविवारी स्मरणसभा ठेवायची म्हणतात, जुनी मुलं बोलणार. चहा पितापिता हळूच विचारतात, बाईंच्या पुस्तकांचं कपाट कुठंय, शाळेला दिलं तर... म्हणलं, किल्ली सापडत नाही. किल्ली माझ्या कमरेला. पोस्टात बचतीच्या काउंटरवर जन्म गेला माझा. गोड बोलणाऱ्याची सही मी दोनदा ताडून बघते.

५ फेब्रु., गुरु.

घर खायला उठतंय. हे गेल्यापासून मी अक्काकडंच. तिनं लग्न केलंच नाही. कुणी विचारलं की म्हणायची, वर्गभर लेकरं आहेत, अजून किती पाहिजेत.

जबाबाची प्रत परत काढून वाचली. संक्रांतीचं सामान आणायला ती एकटी नवी पेठेत गेली. कोपऱ्यावर रस्ता ओलांडताना रिक्षानं उडवलं. दवाखान्यात तीन दिवस होती, एक शब्द बोलली नाही. खाली मी लिहून दिलंय, माझ्या बहिणीची नजर शेवटपर्यंत शाबूत होती, सुईत दोरा स्वतः ओवायची, रिक्षावाल्याचंच लक्ष नव्हतं. सही माझी, ठसठशीत. यात एक अक्षर बदलायचं नाही.

नवी पेठेतच जायचं होतं तिला मरायला. तिथंच तर रविवारी पोरांची रांग घेऊन फिरायची. घरात तेलुगू, गल्लीत उर्दू, शाळेत मराठी, पोरं बिचारी बावरलेली. पुस्तक दिलं की रडायची. ही म्हणायची, पुस्तकाला भितात, दुकानाच्या पाटीला भीत नाहीत. मग एकेका पाटीखाली उभं करून वाचून घ्यायची, पार प्रोप्रायटरच्या नावासकट. लोक म्हणायचे, निघाली बाईंची वरात. सराफ मंडळी पोरांना खडीसाखर द्यायची. निवृत्त झाल्यावरही सोडलं नाही. पोरं नसली तर एकटीच मोठ्यानं पाट्या वाचत चालायची, मला लाज वाटायची.

८ फेब्रु., रवि.

सभेहून आत्ताच आले. डोकं भणभणतंय. लिहूनच काढते.

पहिली उठली ती एक नर्स. म्हणाली, मला अक्षर फुटत नव्हतं, वर्गात मुकी बसायची. एक दिवस शाळा सुटल्यावर बाईंनी थांबवलं आणि कानाशी म्हणाल्या, "मला हे बारीक अक्षर दिसत नाही गं. कुणाला सांगू नको. तू वाचून दाखवशील?" मग ती रोज थांबून बाईंना वाचून दाखवायला लागली. सांगताना रडली. सभाही रडली. मीही पदर लावला, म्हणलं असेल काहीतरी.

मग शिंपी उठला. तेच. मग बँकेतला साहेब. तेच! "कुणाला सांगू नको" सुद्धा तेच. चौथी बाई उठली तेव्हा मी पदर खाली घेतला. एका हातानं दहा फॉर्मवर केलेल्या सह्या मी लांबून ओळखते. आणि एकेकाचे आव काय! एक बोलला की बाकीचे चमकून एकमेकांकडं बघायचे. जसं काही आपण एकटेच होतो आणि आज पहिल्यांदा कळतंय.

आणि शेवटच्या रांगेत कोण? अंबादास. मान खाली. बोलला नाही, बोलायची गरजच काय. बाईंना दिसत नव्हतं असं गावानं म्हणलं की हा सुटला. बाईच आंधळी, आली चाकाखाली, रिक्षावाला काय करणार बिचारा. घरोघर फिरून पढवलंय यानं सगळ्यांना. पूर्व भागात एकमेकांचं ऐकतात लोक, मला माहीत आहे.

हि. सरांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "ताई, मलाही आजच कळलं." यांनाही आजच कळलं.

९ फेब्रु.

झालं. पेपरात आलंय. 'अधू दृष्टीच्या बाईंनी दिली शेकडो डोळ्यांना दृष्टी'. फोटोत अक्का हसतेय. पेपर चुलीत घालावा वाटलं, पण घरात गॅस आहे.

दुपारी हवालदारांचा फोन. "मॅडम, तुम्ही म्हणता नजर शाबूत, पेपर म्हणतो अधू. साहेबांनी वाचलंय. कागद पुढं पाठवायच्या आधी पुरवणी जबाब द्यायला लागतोय." तेवीस तारखेला बोलावलंय. म्हणलं, येते की. मी खोटं लिहून दिलेलं नाही.

१० फेब्रु.

रात्रभर विचार केला. (केला म्हणजे काय, झोपच नाही.) ज्याला कुणी पढवलं नसेल असा एक तरी माणूस पाहिजे. महानंदा! अक्काच्या नोकरीच्या अगदी सुरुवातीची पोरगी. लग्न होऊन दुधनीला गेली, तिथं किराणा दुकान. सभेला नव्हती. फोन करत नाही, फोन केला की सावध होतात. उद्या सकाळच्या एस्टीनं जाते.

११ फेब्रु., बुध.

गेले. आले. पाय दुखायलेत.

दुकान सापडलं. महानंदा गिऱ्हाइकाशी कानडीत बोलत गूळ मोजत होती, केस पांढरे झालेत. ओळखलं लगेच, स्टूल दिलं, चहा सांगितला. अक्का गेल्याचं तिला कळलेलंच नाही, हे बोलण्यावरून लक्षात आलं. मी सांगितलं नाही. आधी विचारलं, बाईंची नजर कशी होती गं?

"नजर? बाईंस्नी दिसतच नव्हतं की. तुमी बहीण, आन तुमास्नी ठावं न्हाई?"

मग सगळं सांगितलं तिनं, गूळ तसाच तराजूत ठेवून. बाई पुस्तक उलटं धरायच्या. ही म्हणायची, बाई, उलटं हाय. मग त्या हिच्या हातात द्यायच्या, म्हणायच्या, तूच धर आणि तूच वाच. ही मिरवत वाचायची आणि घरी कुणाला सांगायची नाही, आईला सुद्धा नाही.

मी हसले. दुकानात बसून मोठ्यानं हसले. तेव्हा अक्का विशीतली! त्या काळात ती चिमणीच्या उजेडात माझ्या डोक्यातल्या उवा काढायची, लांबून येणाऱ्या एस्टीची पाटी वाचायची. म्हणजे सगळं नाटक. जे पोर तोंड उघडत नाही त्याला म्हणायचं मला दिसत नाही, तू वाच, कुणाला सांगू नको. आणि पोरं कसली चिवट, कुणी कुणाला सांगितलं नाही! मी महानंदाला म्हणलं, अगं बाई, नाटक होतं तिचं, तुला वाचतं करायला.

तिचा चेहरा उतरला. गुळावरची माशी हाकलली. मग म्हणाली, "मग मी कुणाला वाचून दावत हुते?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"माज्या लग्नात मी रडले ती आईसाटी न्हाई. म्हणलं, आता बाईंस्नी कोण वाचून दावंल."

बातमी मी त्यानंतर सांगितली. आधी सांगायला पाहिजे होती. तिनं शटर अर्धं ओढलं आणि तराजूपाशीच बसून राहिली. एस्टीत मला चहाची चव सुद्धा आठवत नव्हती.

१२ फेब्रु.

पण काम झालं. नाटक होतं, नजर नव्हे. तेवीसला ताठ मानेनं सांगणार. सभेतली माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच वाटतंय. म्हणजे अं.नं पढवलं नाही. बरं, नसेल पढवलं. पण सभेला येऊन बसला तो कशाला? फायदा बघायलाच ना.

अक्का, तू मात्र पक्की निघालीस. इतकी वर्षं एका घरात राहून मला कधी बोलली नाहीस.

१४ फेब्रु., शनि.

पोलक्याचा हूक तुटला म्हणून अक्काचा शिवणाचा डबा काढला. आतल्या गादीवर सुया टोचलेल्या, ओळीनं. प्रत्येकीत दोरा ओवलेला. पांढरा, काळा, लाल, चटणी रंगाचा. एक सुई रिकामी नाही.

एवढ्या सुया एका वेळी कोण ओवून ठेवतं? मी नाही ओवल्या. शेजारच्या पोरी यायच्या वाचायला, त्यांनी ओवल्या असतील.

जबाबात काय लिहून दिलंय मी? सुईत दोरा स्वतः ओवायची. काउंटरवर मी लोकांना विचारायचे, सही तुमच्यासमोर केली का? आता मला कुणी विचारलं, ओवताना बघितलंत का, तर? मी तिला शिवताना बघितलं. ओवताना नाही बघितलं.

छे. म्हातारपणी सगळ्याच सोय करून ठेवतात. उगाच शंका.

१५ फेब्रु.

मिठाच्या बरणीच्या गळ्याला चिंधी. साखरेच्या नाही. गॅसच्या बटणावर मेणाचा ठिपका. हे इतके दिवस माझ्या डोळ्यासमोर होतं.

आणि पेपर. गेल्या पावसाळ्यापासून तिनं मला रोज पेपर वाचायला लावला. "वसू, तू वाच गं, तुझा आवाज बातम्यांना शोभतो." मी खुलले होते. पोस्टात कुणी कधी आवाजाचं कौतुक केलं नाही. रोज सकाळी चहा घेऊन बसायचे आणि घसा खाकरून वाचायचे, अगदी निधनवार्तांसकट.

मलाच फसवत होती, की खरंच आवाज आवडत होता? हे कुणाला विचारू?

१७ फेब्रु., मंगळ.

नवी पेठेत गेले. ती पडली त्या कोपऱ्यावर.

डिसेंबरात आम्ही दोघी शाल आणायला गेलो होतो. नेहमीसारखी ही मोठ्यानं पाट्या वाचत निघाली, एक सोडली नाही. या कोपऱ्यावर आल्यावर साड्यांच्या जुन्या दुकानाचं नाव घेतलं, प्रोप्रायटरसकट, वरच्या पट्टीत. मी म्हणलं, हळू गं. मी पाटीकडं बघितलं सुद्धा नव्हतं. ती वाचत असताना आपण कशाला बघायचं?

आज बघितलं. तिथं मोबाइलचं दुकान आहे. काचेचं, निळ्या दिव्याचं. शेजारच्या बांगडीवाल्याला विचारलं, साडीवाले कधी गेले? म्हणाला, दसऱ्याला, मावशी. मी परत विचारलं. दसऱ्यालाच म्हणाला, त्याच दिवशी मोबाइलवाल्यांनी पाटी चढवली, पेढे वाटले.

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. बांगडीवाल्यानं पाणी दिलं.

म्हणजे डिसेंबरात अक्का नसलेली पाटी वाचत होती. सगळ्या पाट्या तिला पाठ. निम्मं आयुष्य वाचून घेतल्या त्या. माझ्या शेजारून चालत, माझ्या दंडाला धरून, मला ऐकू जाईल असं वाचत होती. मलाच ऐकवायला.

पोरांना खोटं सांगितलंस की दिसत नाही. आणि मला खोटं सांगितलंस की दिसतंय. आम्हाला दोघांनाही पटलं. काय म्हणावं तुला?

राग आलाय. खूप राग आलाय. मला सांगितलं असतंस तर संक्रांतीच्या गर्दीत एकटी पाठवलं असतं का मी?

१९ फेब्रु.

आता काय? जबाब तसाच ठेवला तर रिक्षावाल्यावर सगळं. बदलला तर अक्काची चूक, तीही मी माझ्या सहीनं लिहून द्यायची. पेपरवाले परत छापणार, आंधळी म्हातारी रस्त्यात आली. आणि लोक मला विचारणार, तुम्ही एका घरात राहून कळलं नाही?

त्याच्या पेरूत काही घातलंय का ते न बघताच गाईला घातले होते. गाय बरी आहे, हेही बघून घेतलंय.

२० फेब्रु., शुक्र.

तो आला तेव्हा आज फाटक उघडलं. आत ये म्हणलं. ओट्यावरच बसला, चप्पल खाली काढून. पन्नाशीचा असेल. बायको विड्या वळते, पोरगी बारावीला. हे मी विचारलं म्हणून सांगितलं.

सरळ विचारलं, सभेतल्यांना तू सांगितलंस का, बाईंना दिसत नव्हतं म्हणायला? तो म्हणाला, नाही, मला तर तिथं हसू यायलं होतं आणि रडू बी. का, तर हा एकटाच असा की ज्यानं अक्काला पकडलं होतं. डबा विसरला म्हणून परत वर्गात गेला, बघतो तर बाई खिडकीत उभं राहून पेपर वाचताहेत, चष्म्याशिवाय, बारीक अक्षर. अक्कानं त्याला बघितलं आणि म्हणाली, पकडलंस. आता तू माझ्या बाजूचा. कुणाला सांगितलंस तर बाकीची वाचायची थांबतील. तेव्हापासून यानं तोंड उघडलेलं नाही. सभेत पण नाही.

मग त्या दिवसाचं. हे त्याच्याच शब्दात लिहून ठेवते.

"बाई कोपऱ्यावर हुत्या. माझ्याकडंच बघायल्या. हसल्या बी. मला वाटलं, वळखलं, थांबल्यात. मी नमस्काराला एक हात सोडला, ताई. तेवढ्यात त्या खाली उतरल्या."

मी विचारलं, मग पोलिसांना काय सांगितलंस? तेच सांगितलंय म्हणाला, हात सोडला, चूक माझी. मी म्हणलं, बाईंना दिसत नव्हतं असं सांगितलं असतंस तर? सगळं गाव तेच म्हणतंय.

"खोटं कसं सांगू? मला ठाव हाय की ते नाटक हुतं. बाईंची नजर घारीची."

डिसेंबरची गोष्ट माझ्या जिभेवर आली आणि गिळली. आज पेरू नव्हते, नुसता बसला आणि गेला.

रात्री: एवढं सरळ कोण बोलतं? काउंटरवर सगळ्यात सरळ बोलणाराच दुसऱ्याचं पासबुक घेऊन यायचा. का मला कळलंय हे त्याला कळलंय? माझ्याकडून वदवून घ्यायला आला होता का? पण मग "चूक माझी" कशाला लिहून देईल? आणि अक्का हसली ती कुणाकडं बघून? आवाजाकडं? हॉर्नकडं? की रिकाम्या रस्त्याकडं? दिसत असेल थोडं, नसेल थोडं. कुणाच्या जबाबात बसणार हे.

२२ फेब्रु., रवि.

हि. सरांना बोलावून कपाटाची किल्ली दिली. म्हणलं, सापडली. ते हसले नाहीत, भला माणूस आहे. पुस्तकं बघताना एक पुस्तक उघडून म्हणाले, हे बघा, प्रत्येकाच्या पहिल्या पानाचा कोपरा दुमडलाय, बाई असं कधी करू देत नव्हत्या. मी म्हणलं, मीच दुमडलाय. सुलटं कुठून ते हाताला कळायला तिनं दुमडला असणार. पण ते त्यांना कशाला सांगू, आज तरी.

२३ फेब्रु., सोम.

पोलीस ठाण्याच्या बाकावर लिहितेय. हवालदार म्हणाले, साहेब जेवतायत, बसा. बाकाच्या दुसऱ्या टोकाला अं., गाडीचे कागद घेऊन त्यालाही आजच बोलावलंय. मी लिहितेय ते बघायलाय. बघू दे.

सकाळपासून ठरलेलं नव्हतं. अजूनही नाही. अक्काला आयुष्यात कधी कुणी म्हणालं नाही की तुमची चूक. मेल्यावर मी म्हणू? आणि न म्हणता या माणसाच्या पोरीचं बारावीचं वर्ष, बायकोच्या विड्या... पण हा माणूस तरी खरा कशावरून? नमस्काराला हात सोडला म्हणतो. मोबाइलला सोडला नसेल कशावरून?

मघाशी पिशवीतून जबाबाची प्रत काढली आणि त्याच्यापुढं धरली. म्हणलं, "चष्मा घरी राहिला रे. मला दिसत नाही. तू वाच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. चष्मा दोरीला माझ्या गळ्यातच होता. त्यानं कागद घेतला, दोन्ही हातात धरला, आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागला, मोठ्यानं, पहिलीतल्या पोरासारखं. बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. माझ्या बहिणीची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. सुईत दोरा स्वतः ओवायची. रिक्षावाल्याचंच लक्ष नव्हतं. एक शब्द गाळला नाही, एक शब्द घाईनं म्हणला नाही. शेवटी माझं नाव वाचलं आणि सहीवर बोट ठेवून थांबला.

मग हळू म्हणाला, "बरोबर लिवलंय, बाई." आणि थोड्या वेळानं, कागद माझ्याकडं देताना, "बाईंस्नी शेवटी खरंच दिसत नव्हतं का?"

मी कागदाची घडी घातली. त्याच्या डोळ्यात बघायचा प्रयत्न करतेय, डाव आहे का काय आहे ते, आणि इतकी वर्षं सह्या ताडूनही मला ओळखता येईना.

आतून माझं नाव पुकारलं. जाते.